आमची वाटचाल: ४७० किलोंचा हौदा ३०० किलोंवर कसा आला

निफाड तालुक्यात आम्ही पिकअप गाड्यांचे लोखंडी हौदे, म्हणजे मागचा माल भरायचा भाग, बांधतो. टोमॅटो, द्राक्षं, कांदा आणि खताची पोती, आमच्या गिऱ्हाइकांचा माल हाच. सुरुवात घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये, सिंगल फेजच्या कनेक्शनवर झाली. सगळं काम एका इन्व्हर्टर वेल्डिंग मशिनवर व्हायचं. आज शेड मोठं आहे, मिग मशिन (सलग तारेवर चालणारं वेल्डिंग मशिन) आहे, चेन पुली आहे. पण या धंद्यात खरा बदल यंत्रांनी केला नाही. आम्ही किलोवर दर लावणं सोडलं, तिथून तो सुरू झाला.

फॅब्रिकेशनचा भाव आपल्याकडे किलोवर ठरतो. लोखंड इतके किलो, मजुरी किलोला इतकी. गेटला, शेडला ते ठीक आहे. गाडीच्या हौद्याला हा हिशोब घातक आहे, कारण हौदा जड झाला की बांधणाऱ्याला जास्त पैसे मिळतात आणि गाडीवाल्याचा माल कमी होतो. गाडीचं एकूण मान्य वजन आरसी बुकावर ठरलेलं असतं. हौद्यात वाढलेला प्रत्येक किलो मालातून वजा होतो. "भरपूर लोखंड टाका, मजबूत झालं पाहिजे," असं गिऱ्हाईकही म्हणायचं. आम्हीही टाकत होतो.

त्या काळातला २७०० बाय १७०० मिमीचा हौदा असा असायचा: खाली लांबीत १०० मिमीचे दोन चॅनेल (सी आकाराचे लोखंडी बार), त्यावर ७५ च्या चॅनेलचे सात आडवे, कडेलाही ७५ चं चॅनेल, तळाला ३ मिमी चेकर्ड प्लेट (उठावाच्या नक्षीचा पत्रा), फाळक्यांना (बाजूच्या आणि मागच्या उघडणाऱ्या भिंतींना) ५० बाय ५० बाय ५ चा अँगल आणि ३ मिमी पत्रा. कॅबिनमागची जाळी, बिजागऱ्या, बोल्ट धरून ४७० किलो. आज त्याच मापाचा हौदा ३०० च्या आसपास बसतो. १७० किलो वाचले, म्हणजे २० किलोवाले आठ क्रेट, दर खेपेला.

वजन कुठून गेलं? सगळ्यात जास्त फाळक्यांतून. अँगलऐवजी ४० बाय ४० बाय २ चा चौकोनी पाइप आणि १.६ मिमी पत्रा घेतला, तर तिन्ही फाळक्यांचे १३९ किलोंचे ८० होतात. बंद पाइप पिळाला अँगलपेक्षा कितीतरी ताठ असतो, त्यामुळे फाळका हलका होऊनही वाकत नाही. तळाला चेकर्डऐवजी २ मिमी साधा पत्रा घेतला, ११५ चे ७२ झाले. आडव्यांना ६० बाय ४० बाय २.९ चा पाइप, ६० ची बाजू उभी ठेवून. आडवा ठेवला तर तोच पाइप निम्म्याच्या आसपास ताठपणा देतो, आणि ही चूक चांगल्या कारागिरांच्या हातूनही होते. रनर, म्हणजे चासीवर टेकणारे खालचे दोन लांब बार, ७५ च्या चॅनेलचे.

हलकं करताना एकदा हात जास्त पुढे गेला. पाइप वाचवायला आडव्यांतलं अंतर ४५० वरून ६०० मिमी केलं. क्रेटला काही झालं नाही. पण मोटारसायकल चढवून स्टँडवर लावली की त्याच जागी पत्र्याला पोट यायचं, पावसाचं पाणी तिथे साचायचं आणि रंग पहिल्यांदा तिथेच सुटायचा. आता ४५० च्या वर जात नाही. विटा, सिमेंट, सळई वाहणाऱ्याला मात्र आजही ३ मिमीच तळ देतो आणि वजन किती वाढेल ते आधी सांगतो.

माप घेताना आम्ही आता गाडीकडे नंतर बघतो, मालाकडे आधी. टोमॅटोच्या क्रेटचं बाहेरचं माप ५४० बाय ३६०. रुंदीत तीन क्रेट म्हणजे १६२०. हौद्याचा तळ १७०० चा, त्यावर ४० मिमी जाडीचे फाळके दोन्ही बाजूंनी उभे केले की आत उरतात बरोबर १६२०. कागदावर बसतं, प्रत्यक्षात तिसरा क्रेट लाथ मारल्याशिवाय जात नाही, आणि लाथ मारलेल्या क्रेटमधला माल मार्केटला पोचेपर्यंत गळतो. म्हणून बाजूचे फाळके तळावर न ठेवता कडेच्या बाहेर टांगतो. आत पूर्ण १७०० मिळतात, हात घालायला ८० मिमी उरतात. बाहेरची रुंदी १७८० होते, ती गाडीच्या कंपनीच्या नकाशात बसते का हे आधीच बघायचं. लांबीत ३६० च्या सात रांगा म्हणजे २५२०, थराला २१ क्रेट. मागचा फाळका तळावरच असतो, त्याचे ४० गेल्यावर मागे जी १४० मिमी जागा राहते तिथे लाकडी अडणी टाकायची, नाहीतर ब्रेक मारला की अख्खी रांग सरकते.

कॅबिन आणि हौदा यांच्यात ५० मिमी मोकळे सोडतो. चाकावरची जागा मोजताना रिकाम्या गाडीवर जाऊ नये. अ‍ॅक्सल आणि बंप स्टॉप (पाटे दबल्यावर अ‍ॅक्सलला अडवणारं रबर) यांच्यातलं अंतर मोजा, पाटे बसल्यावर टायर तेवढा वर येणार. त्यावर आणखी ५० मिमी ठेवा.

सांगाडा आम्ही उलटा बांधतो, पत्रा बसणारी बाजू खाली. आधी चारही बाजू जुळवून फक्त टाके (वेल्डचे छोटे ठिपके) मारायचे आणि कर्ण मोजायचे. २७०० बाय १७०० ला कर्ण ३१९१ मिमी. दोन्ही कर्णांत ३ मिमीपेक्षा जास्त फरक असला तर पुढे जायचं नाही, टाके तोडायचे. कर्ण जुळले म्हणजे काम झालं असं मात्र नाही, चौकट काटकोनात असूनही पिळलेली असू शकते. त्यासाठी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन दोऱ्या ताणायच्या. मध्यावर दोऱ्या एकमेकींना जेमतेम टेकल्या पाहिजेत. मग वरची दोरी खाली घेऊन पुन्हा बघायचं. एका वेळी फट आणि दुसऱ्या वेळी दोरीवर दोरी दाबलेली, तर चौकट पिळलेली आहे. हे दोन मिनिटांचं काम आहे. ते टाळलं तर फाळके शेवटपर्यंत लागत नाहीत.

पत्र्याचं वेल्डिंग हे सर्वांत संयमाचं काम. एका टोकापासून सलग वेल्ड ओढत गेलं की उष्णतेने पत्रा ताणतो आणि थंड झाल्यावर मध्ये फुगतो. पाय ठेवला की डबा वाजल्यासारखा आवाज येतो, आणि पत्रा पुन्हा कधी सपाट होत नाही. आम्ही मधल्या आडव्यापासून सुरू करून बाहेर जातो, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. ३० मिमीचा वेल्ड, १२० मिमी जागा सोडून पुढचा. पत्र्याचा जोड नेहमी आडव्या पाइपवरच पडेल असा कापतो. मधल्या पाइपांवर पत्र्याला ८ मिमीची भोकं दर १५० मिमीवर पाडून ती वरून भरतो. मिगवर ०.८ ची तार वापरतो. घरच्या साध्या मशिनवर करणाऱ्याने २.५ मिमीची ६०१३ रॉड आणि ७० ते ८० अँपिअर ठेवावेत, ३.१५ ची रॉड २ मिमी पत्र्याला भोक पाडते. गॅल्व्हनाइज्ड पाइप असेल तर वेल्डच्या जागेवरचा जस्ताचा थर आधी ग्राइंडरने काढायचाच. जस्ताचा धूर छातीत गेला की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो.

फाळक्याला तीन बिजागऱ्या लागतात. त्या एकेक करून कधी लावू नयेत. तिन्हींमधून एकच सरळ १६ मिमीचा बार घालायचा, मग टाके, मग वेल्ड, आणि बार हाताने फिरतो का ते बघायचं. एक बिजागरी २ मिमीने जरी तिरकी बसली तरी फाळका वर्षभरात पिन खातो.

चासीवर हौदा बसवणं हा भाग आम्हाला सर्वांत उशिरा कळला. चासी ही पिळण्यासाठीच केलेली असते. बांधावरून, ओढ्यातून गाडी जाताना पुढचं उजवं चाक वर आणि मागचं डावं वर, अशी ती वळते. आमचे सुरुवातीचे हौदे चारही कोपऱ्यांत सारखेच घट्ट आवळलेले असायचे. चासी वळायची, हौदा वळायचा नाही, आणि सगळा जोर पुढच्या ब्रॅकेटवर यायचा. वेल्डच्या कडेला केसासारखी रेघ दिसायची. आम्ही ब्रॅकेट जाड करत गेलो, तर रेघ ब्रॅकेट सोडून रनरवर गेली. आता मागचे ब्रॅकेट पक्के असतात. पुढच्या दोन बोल्टना खाली स्प्रिंग असते, त्यामुळे चासी वळली की हौदा तिथे थोडा उचलला जातो आणि परत बसतो. रनर आणि चासी यांच्यात जुन्या कन्व्हेयर बेल्टची १० मिमी पट्टी. रनरचं पुढचं टोक खालच्या बाजूने तिरकं कापतो. चौकोनी ठेवलं तर कॅबिनच्या मागे नेमकं तिथेच ते चासीला खात राहतं.

चासीला वेल्डिंग नाही, तिच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक नाही. कंपनीने दिलेली भोकं आणि ब्रॅकेट वापरायचे. यू-बोल्ट लावावाच लागला तर चासीच्या पोटात लोखंडी ठोकळा भरायचा, नाहीतर आवळताना पट्टी आत दबते. बोल्ट ८.८ ग्रेडचे, नट नायलॉकचे (आत नायलॉनची कडी असलेले, सहज न सुटणारे). वेल्डिंगचं कामच आम्ही गाडीवर करत नाही. हौदा जमिनीवर पुरा करून चेन पुलीने चढवतो. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ गाड्यांत सेन्सर आणि वायरिंग इतकं वाढलंय की एका चुकीच्या अर्थिंगने इसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) जाऊ शकतो. टाळता येतच नसेल तर बॅटरीची टोकं सोडा आणि अर्थचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावा. तो लांब लावला तर करंट चाकाच्या बेअरिंगमधून जातो आणि गोळ्यांना खड्डे पडतात.

रंगाआधी सगळीकडून थिनरचं फडकं फिरवायचं. नव्या पाइपवर तेल असतं, त्यावर मारलेला प्रायमर सालीसारखा निघतो. सोडून सोडून वेल्ड केल्यामुळे मध्ये फटी राहतात, त्या प्रायमरनंतर पीयू सीलंटने (रबरासारख्या लवचिक लांबीने) भरायच्या. सडक्या कांद्याचं पाणी आणि युरिया याच फटींतून आत जातात. पाइपची टोकं बंद करायची आणि सर्वांत खालच्या जागी ६ मिमीचं भोक ठेवायचं. बंद पाइपमध्ये साचलेलं पाणी आतून कुजवतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

कागदांचं काम आम्ही काम घेण्याआधी बोलतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदींशी न जुळणारा बदल करता येत नाही. नुसती कॅबिन-चासी घेतलेल्या गाडीचा हौदा पासिंगआधी बांधून होतो. तयार हौद्याची गाडी कापून लांब-रुंद करून मागणारे आजही येतात, ते काम आम्ही घेत नाही. मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी रिफ्लेक्टर पट्टी लावतो. मागचा फाळका खाली लोंबकळला तरी टेल लाइट दिसले पाहिजेत.

गाडी देताना वजनकाट्याची पावती बिलाला टाचतो. दर हौद्याचा असतो, किलोचा नाही. ५०० किलोमीटरनंतर गाडी परत मागवतो आणि सगळे बोल्ट पुन्हा आवळतो, कारण रबरपट्टी तोवर बसलेली असते. त्या वेळी पुढच्या ब्रॅकेटचे वेल्ड फडक्याने पुसून बॅटरीच्या उजेडात बघतो, आणि नटावर व बोल्टवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढतो. पुढच्या वेळी ती रेघ तुटलेली दिसली, तर नट फिरलाय हे गाडीवाल्यालाही कळतं.