आमची वाटचाल : ढिगाचा माथा आणि ढिगाचा तळ

2009 साली पुण्यात आम्ही जमीनमोजणीचा व्यवसाय सुरू केला, तेव्हा हप्त्यावर घेतलेले एक टोटल स्टेशन (अंतर व कोन मोजणारे यंत्र), दोन प्रिझम (त्या यंत्राचा किरण परत पाठवणाऱ्या काचा) आणि तीन माणसे एवढेच आमचे भांडवल होते. प्लॉटच्या हद्दी आणि रस्त्यांच्या लेव्हल अशी कामे चालू असताना वाघोलीकडच्या एका खडी क्रशरच्या मालकांनी आम्हाला बोलावले आणि 31 मार्चच्या आत यार्डातील खडी, कच व क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) किती ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) आहे ते मोजून देण्यास सांगितले. बँकेला दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटमधील आकडा नजरेच्या अंदाजाने लिहिलेला होता आणि ऑडिटरला तो मान्य नव्हता.

त्या काळी मदतनीस प्रिझम घेऊन ढिगावर चढत असे. क्रश सँडमध्ये पाय घोट्यापर्यंत रुतत, प्रत्येक पावलाला माल घसरत असे, म्हणजे जो आकार मोजायचा तोच मोजताना बदलत असे. एका ढिगावर जेमतेम चाळीस-पन्नास बिंदू मिळत आणि मधले चढउतार अंदाजावर सोडावे लागत. एकदा आमचा मदतनीस ढिगाच्या उभ्या अंगावरून मालासकट खाली आला आणि कमरेपर्यंत गाडला गेला. सुदैवाने त्याला इजा झाली नाही, पण यापुढे कोणालाही ढिगावर चढवायचे नाही, हे मी त्याच संध्याकाळी ठरवले. कॅमेऱ्याकडे आम्ही वळलो ते या कारणाने.

एकाच ढिगाची अनेक जागांवरून छायाचित्रे घेतली आणि लगतच्या छायाचित्रांत 70 ते 80 टक्के भाग सामाईक ठेवला, तर संगणक दोन्हींतील समान ठिपके ओळखून प्रत्येक ठिपक्याची जागा आणि उंची काढतो. मापे खरी यावीत म्हणून ढिगाभोवती काळ्या-पांढऱ्या चौकोनांच्या पाट्या ठेवतो आणि त्यांची स्थाने टोटल स्टेशनने आधी मोजून घेतो. ऑगस्ट 2021 मध्ये ड्रोनचे नवे नियम आल्यावर अनेक ठिकाणी हे काम आकाशातून करणे सोपे झाले. मात्र वाघोलीच्या खाणींशेजारी लोहगावचा हवाई दलाचा विमानतळ असल्याने तेथे परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. त्यामुळे तिकडे आम्ही आजही उंच काठीच्या टोकाला कॅमेरा बांधून ढिगाभोवती फेऱ्या मारतो. वेळ अधिक लागतो, पण काम चोख होते.

तंत्र हाती आले म्हणजे मोजणी बिनचूक झाली असे मला वाटू लागले होते, आणि तिथेच आमची मोठी चूक झाली. एका यार्डात आम्ही ढिगाच्या कडा जोडून खालची जमीन सपाट धरली आणि अहवाल दिला. दोन महिन्यांनी माल उचलला गेला, तेव्हा वजनकाट्यावरची बेरीज आमच्या आकड्यापेक्षा बरीच जास्त भरली. मालक वडीलधारे होते. ते एवढेच म्हणाले, “साहेब, ढिगाखाली जुना खड्डा होता, मला विचारायचं होतं.” 40 मीटर लांब आणि 25 मीटर रुंद तळाखाली जमीन सरासरी 30 सेंटिमीटर खोल निघाली, तर 300 घनमीटर, म्हणजे सुमारे 106 ब्रास माल हिशेबातून सुटतो. कॅमेऱ्याला ढिगाचा माथा दिसतो, तळ दिसत नाही. त्या अहवालाचे पैसे आम्ही परत केले.

दुसरा धडा साखर कारखान्याच्या बगॅसच्या, म्हणजे रस काढून उरलेल्या उसाच्या चोथ्याच्या, ढिगाने दिला. खडीचे घनमीटरवरून टन काढताना फारशी अडचण येत नाही, कारण मालाची घनता फार बदलत नाही. ज्ञात मापाची लोखंडी पेटी लोडरने भरून वजनकाट्यावर ठेवली की त्या मालाची घनता कळते. बगॅसचे तसे नाही. गिरणीतून बाहेर पडताना त्यात निम्म्याच्या आसपास पाणी असते, वरचा थर भुसभुशीत असतो आणि डोझर फिरून फिरून खालचा थर घट्ट दाबलेला असतो. आकारमान अचूक मोजूनही वजन चुकीचे निघू शकते, हे तेथे कळले. आता आम्ही वेगवेगळ्या खोलीवरचे नमुने घेऊन प्रत्येक थराची घनता स्वतंत्र धरतो आणि अहवालात घनमीटर व टन हे आकडे वेगळे दाखवून टनाच्या आकड्यापुढे शक्य असलेली चूकही लिहितो. काही ग्राहकांना ती ओळ आवडत नाही. त्यांना एकच ठाम आकडा हवा असतो. तरीही ती ओळ आम्ही कोणाच्याही सांगण्यावरून काढलेली नाही.

आज आमच्याकडे नऊ जण काम करतात आणि ढिगावरून घसरलेला तो मदतनीस आता छायाचित्रांवरून आकारमान काढण्याचा विभाग सांभाळतो. गेल्या महिन्यात एका नव्या क्रशरच्या मालकांनी पहिला डंपर रिकामा होण्यापूर्वी फोन केला. आम्ही जाऊन मोकळ्या यार्डाची छायाचित्रे घेतली, पाट्यांच्या जागी काँक्रीटचे कायमचे खुंट बसवले आणि खालच्या जमिनीचा नकाशा त्यांच्या हिशेबनिसाच्या हाती दिला.