तुम्ही विचारलंत म्हणून: मोजलेलं सगळं मी देऊन का टाकते

हा प्रश्न इतक्यांदा विचारून झालाय की आता एकदाच बसून लिहिते. "मॅडम, रिसर्च पेपर छापून यायच्या आधीच तुम्ही आकडे कुणालाही कसे देता?" विद्यार्थी विचारतात, बरोबर काम करणारे विचारतात, मागच्या दिवाळीत दांडिया बाजारात फराळाला गेले तर आत्यांनी पण विचारलं, "अगं, चिखलात तू जायचं आणि नाव दुसऱ्याचं?"

बडोद्यात बसून समुद्राचं काय काम करता, हा दुसरा प्रश्न मी सोडून देते. पादरा-जंबुसरवरून कावी-कंबोईला जाऊन स्तंभेश्वराची पिंड भरतीत बुडताना आपण सगळ्यांनीच बघितलीये, त्याच किनाऱ्यावर मी जाते.

तिथे मी मोजते ती चिखलाची उंची. एवढंच. ऐकायला फार छोटं वाटतं, पण खंभातच्या आखातात उधाणाला पाणी भावनगरकडे दहा मीटरच्या वर चढतं-उतरतं, आणि जमीन हातभर वर आहे की हातभर खाली यावर तिवर, म्हणजे चिखलातलं खारफुटीचं झाड, जगणार का मरणार ते ठरतं. आमच्याकडे त्याला सगळे चेरच म्हणतात. त्याची श्वासमुळं रोज काही तास पाण्याबाहेर राहायला लागतात, साधारण सरासरी समुद्रपातळीच्या खाली लावलं की रोप गुदमरतं. बी कितीही चांगलं असो, मजूर कितीही मन लावून काम करोत.

आता ती गोष्ट सांगते. गावाचं नाव देत नाही, संस्थेचं पण नाही.

तीन हिवाळे मी त्या गावासमोरची पट्टी मोजली होती. लेव्हल म्हणजे उंची मोजायची दुर्बीण, स्टाफ म्हणजे तिच्यासमोर उभी धरायची आकड्यांची पट्टी, गुडघाभर गाळ, एक पाय उपसायचा की दुसरा रुततो, आणि ओहोटीचे जेमतेम दोन-अडीच तास. गावाच्या बाजूची जमीन ठीक होती, पण खाडीच्या तोंडाकडचा मोठा तुकडा खाली होता, साठेक सेंटीमीटर तरी, हे माझ्या वहीत लिहिलेलं होतं. पेपर रिव्ह्यूला गेलेला. मला शिकवणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून एकच सांगितलं होतं की डेटा बाहेर गेला की पेपर गेला, आणि मी तेव्हा कंत्राटावर होते, पेपर नसता तर पुढच्या वर्षी नोकरी नसती, हेही खरंय.

मग लागवडीची मीटिंग झाली. मी होते त्या मीटिंगला. नकाशावर पेनाने गोल काढला तो बरोब्बर त्याच खालच्या तुकड्यावर, कारण तो मोकळा होता, सलग होता, हेक्टर भरत होते. मला कुणी काही विचारलं नाही आणि मी काही बोलले नाही. कितीतरी वर्षं मी यातलं पहिलं वाक्यच लोकांना सांगत होते.

पावसाळ्यात बी पिकलं आणि गावातल्या बायकांनी ओटले घातले. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी, ओटला म्हणजे चिखल हाताने ओढून केलेला छोटा उंचवटा, त्यात बी टोचतात, म्हणजे लाट आली तरी ते वाहून जात नाही. आपल्याकडची चांगली पद्धत आहे, वरच्या जमिनीवर तिने जंगलं उभी केलीत. मी बांधावर उभी राहून बघत होते, रांगेत शेकडो ओटले, बायका कमरेत वाकलेल्या, हात कोपरापर्यंत राखाडी. तेव्हाही बोलता आलं असतं.

जानेवारीत परत गेले. ओटले सपाट झाले होते, कुठे होते ते खुणेच्या काठ्यांवरून कळत होतं. एका ठिकाणी दोन पानांचं रोप उभं होतं, पानांवर गाळाचा वाळलेला पापुद्रा. अंगठ्याने पुसलं तर खाली हिरवं नव्हतं, तपकिरी होतं, आणि देठ हातातच आला. जाळं सांधत बसलेले एक काका होते, मला तीन वर्षं ओळखणारे, माझा स्टाफ कितीतरी वेळा त्यांनीच धरलेला. ते म्हणाले, "बेन, तमने खबर हती?"

मी म्हटलं, "पूरी खबर नहोती, काका."

खोटं बोलले मी. मला पूर्ण माहीत होतं, सेंटीमीटरमध्ये माहीत होतं. ते पुढे काही बोलले नाहीत, जाळं सांधत राहिले.

पेपर नंतर आला. त्या गावात तो कुणी वाचला नाही.

काही वर्षांनी श्रीलंकेवरचा अभ्यास वाचला, 2004 च्या सुनामीनंतर तिथे 23 ठिकाणी तिवरं लावली त्यातल्या 9 ठिकाणी एकही रोप उरलं नाही, आणि चुकीची जागा हे त्यातलं मोठं कारण. वाचून आधी बरं वाटलं, म्हणजे सगळीकडेच होतं तर, आणि मग त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली.

तेव्हापासून मी मोजलं की महिन्याभरात देते. आकड्यांची फाइल, आणि सोबत गुजरातीत एक पानाचा नकाशा, कुठे लावा आणि कुठे लावू नका. 2023 च्या जूनमध्ये केंद्र सरकारची तिवर लागवडीची मिष्टी योजना सुरू झाली, देशभरात मिळून साधारण 540 चौरस किलोमीटर कांदळवन पाच वर्षांत. त्या जागा उंची बघून ठरणार की जीपमधून, हा माझ्यासाठी खरा प्रश्न आहे आणि पेपरचं वेळापत्रक बियाच्या हंगामाला थांबवू शकत नाही.

इथवर लिहून मला थांबता आलं असतं, पण पूर्ण सांगायचं ठरवलंय तर हेही सांगते. दोन वर्षांपूर्वी माझाच तक्ता एका खासगी प्रकल्पाच्या अहवालात दिसला. "या पट्ट्यात तिवर टिकत नाही" एवढंच त्यातून उचललेलं, आणि पुढे निष्कर्ष काय, तर जागा पडीक. अरे, तिवर टिकत नाही म्हणजे जमीन मेलेली नाही! त्याच चिखलात किडे आहेत, निवटे आहेत, हिवाळ्यात पक्षी उतरतात. जैविकदृष्ट्या जिवंत चिखलमैदान सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्यावर काय करता येईल ते ठरवणाऱ्या, नियमात तिवरासारखंच कडक संरक्षणाच्या वर्गात येतं. मी पत्र लिहिलं. पोचही आली नाही. ज्यांनी मला फाइल दाबून ठेवायला शिकवलं होतं त्यांचा त्या रात्री मला राग आला नाही, आणि याचंच जास्त वाईट वाटलं.

आता पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहिते की ही उंची फक्त लागवडीसाठी आहे, जागा रिकामी असल्याचा पुरावा म्हणून वापरू नये. मान्य आहे, कापून टाकणाऱ्याला ते पान कापायला एक क्लिक लागतं. मग देऊ नको ना, असं तुम्ही म्हणाल, आणि यावर माझ्याकडे उत्तर नाही, फक्त त्या काकांचा प्रश्न आहे, तो मला परत कुणी विचारायला नकोय.

गेल्या आठवड्यात अजून एक मेल आलाय. मही नदीच्या मुखाकडचे आकडे हवेत, काम कसलं ते लिहिलेलं नाही, नाव ओळखीचं नाही. फाइल जोडून ठेवलीये, पाठवली नाहीये. कशासाठी हवेत म्हणून विचारलंय, उत्तर नाही. परवा अमावास्या, ओहोटीला मोजणीसाठी रोवलेल्या खालच्या खुंट्या उघड्या पडतील, त्यातल्या तीन परत मोजायच्यात, आल्यावर बघते.