तिसऱ्या गिअरमध्ये हरवणारे पाच व्होल्ट

पुण्याहून आणलेली माझी जुनी टर्बो-पेट्रोल गाडी मागच्या उन्हाळ्यात एकाच वेळी तीन तक्रारी घेऊन बसली होती. आठवडाभर शेडमध्ये उभी राहिली की शनिवारी ती सेल्फ घेत नसे. इंजिन तापलेले असताना सेल्फ फिरला तरी म्हाताऱ्या माणसाने जिना चढावा तसा फिरे. आणि औसा-तुळजापूर रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की डॅशबोर्डवर तीन दिवे एकदम लागून गाडीचा सगळा जोर नाहीसा होई. याला लिम्प मोड म्हणतात: कंट्रोल युनिटला, म्हणजे गाडीतल्या कंप्युटरला, एखाद्या सेन्सरवर विश्वास ठेवता आला नाही की ते इंजिनाची ताकद मुद्दाम कापते. गाडी मग कडेला घेऊन, बंद करून पुन्हा सुरू केली की जणू काही झालेच नव्हते अशा थाटात पळू लागे.

तिन्ही तक्रारी एकाच कारणाच्या आहेत असे गृहीत धरणे, ही माझी पहिली चूक होती. त्याच गृहीतकावर एका वर्कशॉपने आधी बॅटरी आणि मग ती चार्ज करणारा अल्टरनेटर बदलला. दोन्हींचे पैसे मी मुकाट्याने दिले, आणि पंधरा दिवसांत तिन्ही तक्रारी जशाच्या तशा परत आल्या. त्यानंतर मात्र मोजल्याशिवाय एकही वस्तू बदलायची नाही असे ठरवून मी स्वतः मल्टिमीटर हातात घेतला. मे महिन्यात लातूरला पत्र्याच्या शेडमध्ये सकाळी नऊनंतर पाना हातात धरवत नाही, त्यामुळे हे सगळे काम पहाटे सहा ते नऊ या वेळेतच झाले. सुट्टीला आलेला माझा सोळा वर्षांचा भाचा मदतीला होता.

सुरुवात संथ सेल्फपासून केली, कारण बाजारपेठेजवळ चाळीस वर्षे ऑटो-इलेक्ट्रिकचे काम करणाऱ्या चाचांनी गाडीला हातही न लावता सांगितले होते, “सर, बॅटरी काय करंल बिचारी? अर्थिंग बघा आधी.” अर्थिंग म्हणजे बॅटरीच्या मायनसला बॉडी आणि इंजिनाशी जोडणारी प्रवाहाची परतीची वाट. मी बॅटरीच्या मायनसपासून इंजिनापर्यंत मीटरचा कंटिन्युइटीचा, म्हणजे वाट अखंड असल्याचे सांगणारा, आवाज घेऊन पाहिला होता आणि तो अगदी खणखणीत वाजत होता. हे त्यांना सांगितले, तर ते हसले. “मीटर एका तारेवर बी वाजतंय. सेल्फ मारताना मोजा.”

त्यांच्या या एका वाक्यात वाहनातील वीज तपासण्याचे निम्मे शास्त्र आहे. बहुतेक मीटरांचा तो आवाज वीस-तीस ओहमपर्यंतचा रोध असला तरी वाजतो, आणि सेल्फ मारताना तर दीडशे ते दोनशे अँपिअर प्रवाह वाहतो. एवढ्या प्रवाहाला ओहमच्या शंभराव्या हिश्श्याएवढा रोध आडवा आला तरी दीड व्होल्ट वाटेतच खर्च होतात. असा रोध साध्या मीटरवर मोजताच येत नाही, कारण मीटरच्या दोन वायरींचाच रोध त्याच्या कितीतरी पट असतो. लातूरकरांना हे समजायला जड जाऊ नये. टाकी भरलेली आहे आणि नळ बंद आहे तोवर पाइपात दाब पुरेपूर असतो. पाइप कुठे दबला आहे ते नळ सोडल्यावरच कळते. उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसणे म्हणजे टाकी भरलेली असणे, त्यापलीकडे काही नाही.

म्हणून इंजिन सुरू होऊ नये यासाठी फ्युएल पंपाचा रिले काढून ठेवला, मीटरचे काळे टोक बॅटरीच्या मायनसच्या खुंटावर (क्लॅम्पवर नव्हे, थेट खुंटावर) आणि लाल टोक इंजिनाच्या उघड्या धातूवर धरले आणि भाच्याला सेल्फ मारायला सांगितले. मीटरवर १.१ व्होल्ट दिसले. चांगल्या अवस्थेतील अर्थिंगवर हा आकडा ०.२ च्या वर जाऊ नये. मग वाटेतले टप्पे वेगळे मोजले. खुंटापासून बॉडीपर्यंत ०.०५ आणि बॉडीपासून इंजिनापर्यंत उरलेले सगळे. म्हणजे दोष बॉडी आणि इंजिन यांना जोडणाऱ्या विणलेल्या तांब्याच्या पट्ट्यात होता. तो सोडवून हातात घेतला तेव्हा वरून धडधाकट दिसत होता, पण थिंबल (टोकाची धातूची चकती) वाकवताच आतून कल्हई उडालेल्या भांड्यावर येतो तसा हिरवा थर पडला आणि निम्म्याहून अधिक तारा तुटलेल्या निघाल्या. तांबे तापले की त्याचा रोध वाढतो आणि टर्बोशेजारी ते चांगलेच तापते. त्यामुळे तक्रार गरम इंजिनावर अधिक जाणवत होती. नवा पट्टा टाकला, बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने घासून धातू उघडा केला आणि पुन्हा मोजले तेव्हा ०.०९ व्होल्ट भरले. काही शे रुपयांचा पट्टा होता तो.

बॅटरी उतरण्याची तक्रार मात्र यामुळे सुटणारी नव्हती, कारण ती गाडी उभी असताना होत होती. इथे घाई केली की फसगत ठरलेली. आजच्या गाडीतील कंट्रोल युनिटे गाडी लॉक केल्यावर लगेच झोपत नाहीत. काही गाड्यांत वीस मिनिटे, तर काहींत चाळीस मिनिटेही लागतात, आणि तोवर मोजलेला आकडा निरर्थक असतो. दरवाजा उघडा ठेवून मोजायचे असेल, तर त्याची कडी स्क्रूड्रायव्हरने बंद करून गाडीला दरवाजा लागल्याचे भासवावे लागते आणि किल्ली घरात लांब ठेवावी लागते. पहिल्या दिवशी मी मीटर अँपिअरवर लावून बॅटरीच्या वाटेत जोडला, सवयीने दरवाजा उघडला आणि सगळी युनिटे एकदम जागी होऊन मीटरचाच फ्यूज उडाला. दुसऱ्या दिवशी पाऊण तास थांबल्यावर ०.३८ अँपिअर प्रवाह दिसला. साधारणपणे ५० मिलिअँपिअरपेक्षा कमी असायला हवा. ०.३८ म्हणजे दिवसाला ९ अँपिअर-तासांहून थोडे अधिक, आणि ६० अँपिअर-तासांची बॅटरी या हिशेबाने शनिवारपर्यंत टिकणे शक्यच नव्हते.

प्रवाह कोणत्या वाटेने जातो आहे ते शोधण्यासाठी एकेक फ्यूज उपटून पाहण्याची पद्धत सर्रास वापरली जाते. मला ती आवडत नाही, कारण फ्यूज काढता-घालताना झोपलेली युनिटे जागी होतात. त्यापेक्षा प्रत्येक फ्यूजच्या पाठीवर जे दोन उघडे ठिपके असतात, त्यांच्यावर मीटर मिलिव्होल्टवर लावावा. फ्यूजलाही थोडा रोध असतो, दहा अँपिअरच्या छोट्या फ्यूजला साधारण साडेसात मिलिओहम, म्हणून प्रवाह असेल तिथे आकडा दिसतो आणि नसेल तिथे शून्य. चौदाव्या फ्यूजवर २.९ मिलिव्होल्ट दिसले, म्हणजे चोरीचा जवळपास सगळा माल एकाच घरात सापडला. त्या फ्यूजवरून आधीच्या मालकाने बूस्ट गेजसाठी (टर्बोचा दाब दाखवणाऱ्या काट्यासाठी) एक जोड काढला होता. गेज काढून टाकला होता, पण सीटखालचा त्याचा छोटा कंट्रोलर चोवीस तास चालूच होता. शौकीन माणसाने वापरलेली गाडी घेताना इंजिनाइतकेच गालिच्याखालीही पाहावे, हे माझे तेव्हापासूनचे ठाम मत आहे.

आता उरला लिम्प मोड, आणि खरा चिवट आजार हाच होता. ओबीडीच्या, म्हणजे गाडीतले दोष वाचण्याच्या, सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावला की बूस्ट प्रेशर सेन्सर, एसी प्रेशर सेन्सर आणि अ‍ॅक्सिलरेटर पेडलचा दोनपैकी एक सेन्सर, असे तीन कोड मिळत. तिन्ही ‘व्होल्टेज कमी’ प्रकारचे. वर्कशॉपचे म्हणणे होते की कंप्युटर गेला. कॅन नेटवर्क, म्हणजे कंट्रोल युनिटे ज्यावरून आपसात बोलतात त्या तारा, तेवढे मी दोन मिनिटांत तपासून बाजूला ठेवले. बॉशने १९८६ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत पिळलेल्या दोन तारांच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो, त्यामुळे बॅटरी सोडवून सॉकेटच्या ६ आणि १४ क्रमांकांच्या पिनांमध्ये ६० ओहम दिसायला हवेत. ते दिसले.

तीन सेन्सर एकाच क्षणी मरत नाहीत. त्यांच्यात समाईक काय आहे ते शोधण्यासाठी वायरिंगचा नकाशा मिळवला आणि झेरॉक्सच्या दुकानातून मोठ्या कागदावर काढून भिंतीला चिकटवला. माझ्या गाडीत कंट्रोल युनिट सेन्सरांना पाच व्होल्टचा पुरवठा दोन वेगळ्या वाटांनी देते आणि हे तिन्ही सेन्सर त्यांपैकी एकाच वाटेवर होते. त्या वाटेवरची कोणतीही एक तार बॉडीला टेकली की तिघांचाही पुरवठा बसतो. स्पर्श सुटला की सगळे पूर्ववत होते. उभ्या गाडीवर मोजले तेव्हा ५.०२ व्होल्ट अगदी स्थिर होते. हार्नेस (वायरींचा जुडगा) हाताने हलवून, ओढून पाहिला, तरी आकडा हलला नाही.

मग मीटरलाच रस्त्यावर न्यायचे ठरले. बूस्ट सेन्सरच्या कपलरमध्ये मागच्या बाजूने बारीक सुई घातली. वायरीच्या सालीला कधीही भोक पाडू नये, पहिल्या पावसात तिथून पाणी शिरून तांबे हिरवे पडते. दोन लांब वायरी बॉनेटच्या फटीतून काचेवरून आत घेतल्या आणि भाच्याला शेजारी बसवून आकडे मोठ्याने वाचायला सांगितले. सकाळी साडेसहाला औशाच्या पुढे रस्ता मोकळा होता. दुसऱ्या गिअरमध्ये “पाच शून्य दोन, पाच शून्य दोन” असे तो कंटाळवाण्या सुरात म्हणत होता. तिसरा टाकून अ‍ॅक्सिलरेटर दाबला, टर्बोचा जोर आला आणि तो ओरडला, “मामा, दीड! दीडच दाखवायलंय!” त्याच क्षणी तिन्ही दिवे लागले. गाडीच्या बिघाडामुळे मला इतका आनंद पूर्वी कधी झाला नव्हता.

जोर लागतो तेव्हाच तार टेकते, याचा अर्थ इंजिन हलल्यामुळे टेकते. घरी येऊन बॉनेट उघडे ठेवले, भाच्याला बाजूला उभे केले आणि पाय ब्रेकवर दाबून धरून पहिल्या गिअरमध्ये क्लच क्षणभर चावू दिला. इंजिन चांगले दोन बोटे मागे कलले. इंजिनाला धरून ठेवणाऱ्या खालच्या माउंटिंगचे रबर फाटलेले होते. इंजिन मागे जाताना पुढे रेडिएटरजवळच्या एसी प्रेशर सेन्सरकडे जाणारी हार्नेसची फांदी ताणली जाऊन एका ब्रॅकेटच्या धारेवर दाबली जात होती. बॅटरी सोडवून तिथली टेप उलगडली. आमच्याकडच्या उन्हात साध्या काळ्या टेपचा डिंक वितळून काकवीसारखा होतो, त्यामुळे बोटे बराच वेळ चिकट राहिली. आत एका तारेच्या सालीवर तांदळाच्या दाण्याएवढी जखम होती आणि तिच्यातून तांबे चकाकत होते. कित्येक महिने माझी झोप घालवणारी वस्तू एवढीच होती.

तार तिथेच कापून, क्रिंप करून (धातूची नळी दाबून जोडून), आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवली. पीळ मारून टेप गुंडाळणे हा जोड नव्हे, तो पुढच्या बिघाडाचा अ‍ॅडव्हान्स असतो. फांदीला चार बोटे ढिलाई दिली, कापडी हार्नेस टेप गुंडाळली, ब्रॅकेटच्या धारेवर फाडलेल्या रबरी नळीचा तुकडा बसवला आणि नवे माउंटिंग टाकले. या सगळ्यात पिवळ्या रंगाच्या कपलरांना मी एकदाही मीटर लावला नाही. पिवळा रंग बहुतेक गाड्यांत एअरबॅगच्या वायरिंगचा असतो आणि मीटरचा क्षुल्लक प्रवाहही तिथे नको.

दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तोच रस्ता, त्याच वायरी आणि तोच भाचा. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी लाल पट्ट्यापर्यंत चारदा ओढली. “पाच शून्य एक,” तो म्हणाला, मग पुन्हा तेच, पुन्हा तेच, आणि चौथ्या खेपेला मीटर मांडीवर ठेवून म्हणाला, “मामा, आकडा बदलतच नाही आता. बंद करू का?”