विमानतळाजवळचा प्लॉट की भाड्याचा गाळा: माझा अनुभव

आजोळची जमीन विकली गेली आणि आईच्या वाट्याची रक्कम खात्यात आली, तेव्हा सगळ्यात आधी मामा बोलला. पुण्याजवळ पुरंदरला प्लॉट घ्या, विमानतळ होतोय, बघता बघता दुप्पट होतील. आईला मात्र दर महिन्याला हातात पैसे हवे होते, कारण बाबांची पेन्शन औषधांतच संपते. त्यामुळे ३० लाख आधी पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकले, ८.२ टक्क्यांनी. तिथली कमाल मर्यादाच तेवढी. वाद उरला होता बाकीच्या पैशांचा, आणि कागदपत्रांची धावपळ माझ्या गळ्यात पडली.

मामाचा मान राखायचा म्हणून प्लॉट बघून आले. एजंटाने माळावर चुन्याच्या रेघा दाखवल्या, ‘हा तुमचा दीड गुंठा.’ मी एनए ऑर्डर (बिगरशेतीची परवानगी), मंजूर ले-आउट आणि महारेरा नंबर (प्रकल्पाची सरकारी नोंदणी) मागितला. ‘मॅडम, सामायिक सातबाऱ्यावर नाव लागतंय की!’ तुकडेबंदी कायद्यामुळे शेतजमिनीचा इतका छोटा तुकडा सरळ नावावर होत नाही, म्हणून ही सामायिकची वाट. म्हणजे एका शेतात अनोळखी लोकांशी भागीदारी, आणि पुढे वाटणी करायची तर सगळ्यांच्या सह्या. शिवाय विमानतळासाठी भूसंपादन सात गावांत आहे. हद्दीच्या आत आलात तर हातात येणार तो सरकारी मोबदला, मामाने सांगितलेला भाव नव्हे.

मामाचा खेडलाही एक प्लॉट आहे. तेव्हा विमानतळ चाकण-राजगुरुनगर पट्ट्यात होणार होता. २०१६ मध्ये तो पुरंदरला गेला. मी हे काढलं तर म्हणाला, ‘अगं, जमीन कुठं पळून जाते का?’ जमीन नाही पळत, विमानतळ पळतो. नवी मुंबईचंच बघा. चर्चा नव्वदच्या दशकातली, भूमिपूजन २०१८ला, उद्घाटन ऑक्टोबर २०२५मध्ये. मामाचा धंदा चालतो, त्याला थांबणं परवडतं. आई सत्तरीला टेकली आहे.

मग फ्लॅट पाहिले. वाकडला ५५ लाखांचा वन बीएचके, भाडं १७ हजार. वर्षाचे २ लाख ४ हजार, म्हणजे पावणेचार टक्केसुद्धा नाहीत, आणि त्यातून घरपट्टी, मेंटेनन्स आणि एखादा रिकामा महिना जायचाच. कर्ज काढणाऱ्याची गत आणखी वाईट: ४० लाखांना साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता ३४,७००च्या घरात, भाडं त्याच्या निम्मं. लोक याला भाड्याचं उत्पन्न म्हणतात. माझ्या मते हाही भाववाढीवर लावलेला पैसाच, फक्त आत कुणीतरी राहतंय.

शेवटी गाळा मिळाला, ४० लाखांना. आत चष्म्याचं दुकान, भाडं २२ हजार. स्टॅम्प ड्युटी ७ टक्के म्हणजे २ लाख ८० हजार. बायकांच्या नावावर १ टक्का सवलत असते, पण ती राहत्या घराला, गाळ्याला नाही. नोंदणीचे ३० हजार धरून ४३ लाख १० हजार.

विकणाऱ्याकडे मी भाड्याच्या नोंदींचं वर्षभराचं बँक स्टेटमेंट मागितलं. भाडं वेळेवर येत होतं, पण जुना करार नोंदवलेलाच नव्हता. भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची. लेखी नोंदलेला करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध करणं मालकाच्या गळ्यात. म्हणून भाडेकरूकडून भाडं आणि डिपॉझिट किती ते लिहून घेतलं, आणि त्याचं दीड लाख डिपॉझिट आम्ही किमतीतून वळतं केलं. हे राहिलं असतं तर तो जाताना ते पैसे आईने खिशातून द्यायचे.

नवा लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीपुरता जागा वापरू देण्याचा, ३६ महिन्यांचा, दर वर्षी ५ टक्के वाढ. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, यांच्या बेरजेवर पाव टक्का: २,२०० रुपयांच्या आसपास, वर नोंदणीचे १,०००. करार नोंदवून देणारा एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन दुकानातच आला. आईचा अंगठा लागला, चष्मेवाल्याचा काही लागेना. काचा घासून घासून बोटांच्या रेषाच गेलेल्या. साबणाने हात धुतले, क्रीम चोळलं, दुसरी बोटं लावून पाहिली, शेवटी डाव्या तर्जनीवर गाडं पुढे सरकलं. तोवर आईने भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची ओळ वाचून दाखवली आणि नव्या चष्म्याची ऑर्डरही दिली.

त्याला जीएसटीचं आधीच सांगितलं. तो नोंदणीकृत आणि आई नाही, त्यामुळे ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमाने भाड्यावरचा १८ टक्के कर त्यानेच भरायचा. हे त्याच्या सीएलाही माहीत होतं, त्यामुळे वाद झाला नाही.

घरपट्टी ३८ हजार आणि मेंटेनन्स १४ हजार वजा जाता पहिल्या वर्षी २ लाख १२ हजार उरतात, पाच टक्क्यांना थोडे कमी. एफडीत आज याहून जास्त मिळालं असतं, हे मामाने लगेच ऐकवलं, आणि ते खरंही आहे. पण एफडीचं व्याज दर वर्षी पाच टक्क्यांनी चढत नाही. चष्मेवाला गेला तर नवा माणूस मिळेपर्यंतची सोय म्हणून चार महिन्यांचं भाडं वेगळं ठेवलं आहे, आणि डिपॉझिटचे दीड लाख बँकेत तसेच पडून आहेत. त्यांना हात लावायचा नाही, असं आईने मला दोनदा बजावलंय.