न विचारता झालेली साफसफाई

सकाळी साडेनऊच्या सुमारास पहिला फोन आला, तेव्हा आदल्या रात्रीचे काम नीट पार पडल्याच्या समाधानात मी होते. एका मोठ्या संस्थेच्या कर्मचाऱ्यांसाठी आमच्या चमूने पोर्टल बांधले होते. त्याचे पहिले पान प्रत्येकाने आपापल्या कामाप्रमाणे मांडायचे, म्हणजे प्रलंबित मंजुऱ्या, बैठकांचे वेळापत्रक, रजेची शिल्लक यांसारखी माहिती दाखवणाऱ्या छोट्या चौकटींपैकी, म्हणजे विजेटांपैकी, हवी ती निवडायची, लहानमोठी करायची आणि हव्या त्या जागी ठेवायची, अशी त्याची रचना होती. रात्री अकरा वाजता आम्ही सहा नवी विजेट लाइव्ह केली होती आणि चाचणीच्या खात्यांवर सारे व्यवस्थित दिसत होते.

फोन लेखा विभागातील एका बाईंचा होता. त्यांना दिसत नाही. त्या स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून ऐकवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, साहाय्याने काम करतात. त्यांनी शांतपणे सांगितले, “रोज मी एच ही कळ तीन वेळा दाबते आणि मंजुऱ्यांवर पोहोचते. आज तिसऱ्यांदा दाबल्यावर रजेची शिल्लक ऐकू आली, आणि मंजुऱ्या कुठेच नाहीत.” एच दाबले की स्क्रीन रीडर पुढच्या शीर्षकावर जातो. त्यामुळे डोळ्यांनी पाहणाऱ्याला जी मांडणी वाटते, ती त्यांच्यासाठी शीर्षकांचा क्रम असते, आणि तो क्रम त्यांनी विजेटावरची ‘वर’ आणि ‘खाली’ ही बटणे दाबत स्वतः बसवला होता.

ही बटणे आम्ही दिली याचे मला आजही बरे वाटते, कारण ब्राउझरची ओढून ठेवण्याची सोय कीबोर्डवरून मुळीच चालत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या सुगम्यतेच्या निकषांत तर ओढणे अपरिहार्य नसेल तिथे त्या क्रियेला साध्या क्लिकचा पर्याय असावा, असे २.५.७ हे स्वतंत्र कलमच आहे. बटणांच्या कामात एक खाचही कळली होती: सीएसएसमधून, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या कोडमधून, क्रम बदलला तर तो फक्त डोळ्यांना बदललेला दिसतो, स्क्रीन रीडर मात्र पानाच्या मूळ रचनेतलाच क्रम वाचत राहतो. म्हणून आम्ही मूळ रचनाच हलवत होतो.

मी बाईंची मांडणी डेटाबेसमध्ये उघडून पाहिली. तिच्यातून मंजुऱ्यांचे विजेट नाहीसे झाले होते, खालची विजेट वर सरकली होती आणि शेवटचा बदल सकाळी ९ वाजून २१ मिनिटांनी खुद्द त्यांनीच केल्याची नोंद होती. त्यांनी तर पान फक्त उघडले होते. त्या सकाळी जतन झालेल्या मांडण्यांची संख्या पाहिली, तेव्हा ती इतर दिवसांच्या कितीतरी पट भरली, आणि पोर्टल उघडणाऱ्या कितीतरी लोकांची मांडणी आमच्या हातून मोडते आहे हे माझ्या लक्षात आले.

कारण अजून कळले नव्हते, पण अर्धेअधिक कर्मचारी यायचे होते. रिलीज मागे घ्यायला अर्धा तास लागला असता, शिवाय ज्यांच्या ब्राउझरमध्ये पान उघडे होते त्यांच्याकडे नवाच कोड चालत राहिला असता. म्हणून आधी मांडणी जतन करण्याच्या प्रत्येक विनंतीला सर्व्हरने ५०३, म्हणजे ‘सेवा सध्या उपलब्ध नाही’, हे उत्तर द्यावे, अशी व्यवस्था केली. त्यामुळे कोणालाही आपले पान बदलता येईना, आणि तक्रारी वाढल्या. परंतु नुकसान जिथे होते तिथे थांबले.

मग कारण सापडले. उपलब्ध विजेटांची यादी देणारी सेवा एका वेळी ५० नोंदी देत असे. आमच्याकडे ४७ विजेट होती, तोवर ही मर्यादा कोणालाच जाणवली नव्हती. सहा नव्यांमुळे संख्या ५३ झाली. यादी नव्याकडून जुन्याकडे लावलेली असल्याने सर्वांत जुनी तीन विजेट यादीच्या दुसऱ्या पानावर गेली, आणि ते दुसरे पान आमचा कोड मागतच नव्हता. जुनी म्हणजेच सर्वाधिक वापरातली. मंजुऱ्या त्यांतच होत्या. चाचणीच्या सर्व्हरवर विजेट मुळात कमी, म्हणून तिथे हे दिसले नाही.

तरीही एवढ्याने फक्त तीन चौकटी काही काळ दिसेनाशा झाल्या असत्या. खरे नुकसान माझ्या एका जुन्या कोडने केले. बंद केलेली विजेट लोकांच्या पानांवर मोडकी दिसू नयेत म्हणून दोन वर्षांपूर्वी मी असे लिहिले होते, की यादीत नसलेले विजेट मांडणीतून काढावे, रिकामी जागा भरून घ्यावी आणि झालेली मांडणी जतन करावी. तेव्हा मला तो स्वच्छ, नेटका उपाय वाटला होता. ‘यादीत नाही’ याचा अर्थ ‘अस्तित्वात नाही’ असाच होतो, हे मी गृहीत धरले. आणि पान वाचताना कोणाच्या तरी नोंदीवर मी लिहिते आहे, याचा विचारच केला नाही.

गूगलने आयगूगल हे असेच विजेटांनी मांडायचे आपले मुखपान १ नोव्हेंबर २०१३ रोजी बंद केले, तेव्हा सोळा महिने आधी तसे जाहीर केले होते. आमच्या वापरकर्त्यांना एका क्षणाचीही सूचना मिळाली नव्हती.

रात्री एकच्या बॅकअपमधून मांडण्या परत आणता येत होत्या, पण त्यात एक पेच होता. काहींनी सकाळीच, चिडून का होईना, आपले पान हाताने पुन्हा लावले होते. जुनी मांडणी त्यावर लिहिली असती तर त्यांचे श्रम दुसऱ्यांदा पुसले गेले असते. म्हणून दोन्ही मांडण्या ठेवल्या आणि कोणती हवी ते प्रत्येकाला पान उघडल्यावर विचारले. अकरा जणांनी आदल्या दिवशी मांडणी बदलली होती आणि रिलीज ते बॅकअप या दोन तासांत पोर्टलही उघडले होते. त्यांच्यासाठी एक दिवस जुनीच प्रत उरली. त्या प्रत्येकाला मी काय हरवले आणि का, हे स्वतः लिहून कळवले.

दुपारपर्यंत यादी पूर्ण मागवण्याची आणि मिळालेल्या नोंदी एकूण संख्येशी ताडून पाहण्याची दुरुस्ती झाली. मांडणी फक्त वापरकर्त्याने काही हलवल्यावरच जतन होईल आणि तिच्या मागच्या वीस आवृत्त्या राहतील, असेही केले. जे विजेट सापडत नाही त्याच्या जागी ‘हे विजेट सध्या उपलब्ध नाही’ असे सांगणारी चौकट आणि ते काढण्याचे बटण ठेवले.

ही चौकट तपासून पाहण्याची विनंती मी बाईंना केली. त्यांनी पाच मिनिटांत कळवले, की चौकटीतला मजकूर वाचला जातो, पण तो शीर्षक नाही. त्यामुळे एच दाबल्यावर स्क्रीन रीडर तिला ओलांडून जातो आणि पुढची सारी मोजणी एकाने चुकते. संध्याकाळी मी त्या चौकटीला हरवलेल्या विजेटाचेच नाव शीर्षक म्हणून दिले आणि त्यांना पुन्हा मोजून पाहायला सांगितले. तिसऱ्यांदा एच दाबल्यावर त्यांना ऐकू आले: “प्रलंबित मंजुऱ्या, सध्या उपलब्ध नाही.”