आमची वाटचाल: इंजिन बांधलं, पण गाडी सुरू होईना

दुचाकींच्या गॅरेजसाठी ठाण्याची वागळे इस्टेट निवडली ती लेथवाल्यांमुळे. एमआयडीसीची ही पहिली वसाहत. मोठे कारखाने गेले, काचेच्या इमारती आल्या, तरी गल्ल्यांमधून लेथ अजून चालू आहेत. सिलिंडरचं बोअर मारताना, वॉल्व्ह जिथे टेकतो ती सीट कापताना समोर उभं राहून माप बघता येतं. इंजिनकामात याला फार किंमत आहे.

सुरुवातीला सर्व्हिसिंग, क्लच प्लेट, ब्रेक शू हीच कामं. नाव झालं ते वेगळ्याच गाड्यांमुळे: दुसरीकडे इंजिनकाम झालेल्या आणि त्यानंतर सुरूच न होणाऱ्या. अशी गाडी ढकलत आणणाऱ्याचे पैसे आधीच गेलेले असतात, वर रोजची कमाई बुडते ती वेगळीच. त्याला आल्या आल्या "इंजिन परत खोलावं लागेल" म्हणणं मला कधीच पटलं नाही.

बाळकुमचे एक दूधवाले काका आले. "अहो, पिस्टन-रिंगा नवीन टाकल्यात, किक मारून मारून पाय गेला माझा!" मी किक हाताने दाबली, तर ती सहज खाली गेली. प्लग काढला, ओलाचिंब. पुसून, भोकापासून लांब हेडला टेकवून किक मारली. करंट, म्हणजे प्लगची ठिणगी, निळा, कडक. म्हणजे पेट्रोल होतं, करंट होता, कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, नव्हतं. दाब मोजायचं गेज लावून आकडा पाहिला, मग प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडून परत पाहिला. दाब रिंगांतून जात असेल तर ऑइलने आकडा वर चढतो. इथे काहीच फरक पडला नाही, म्हणजे संशय वॉल्व्हवर. झाकणं काढून मॅग्नेटवरची (इंजिनच्या शाफ्टवर फिरणाऱ्या चुंबकी चाकावरची) टी खूण, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असल्याची, केसवरच्या खुणेसमोर आणली, तर कॅम स्प्रॉकेटची, म्हणजे वॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमच्या दातेरी चाकाची, खूण हेडच्या खुणेशी जुळत नव्हती. ते चाक फिरवणारी टायमिंग चेन एक दात चुकून बसली होती. इनटेक वॉल्व्ह उशिरा मिटायचा आणि आत आलेलं मिश्रण कार्बोरेटरकडे परत जायचं. चेन जुळवली, फीलर गेजने टॅपेट लावले (वॉल्व्हची फट नीट केली), कोरडा प्लग बसवला. थोड्याच किकमध्ये गाडी सुरू झाली. हेड काढावंच लागलं नाही. पुढे बाळकुम-कोलशेतचे कितीतरी दूधवाले त्या काकांच्याच शब्दावर आमच्याकडे आले.

आमच्याकडच्या पोरांना पहिला धडा तोच: जिथे नुकताच हात लागलाय तिथून बघायला लागा. किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) आणि पेट्रोल कॉक तर सगळ्यात आधी. इंजिन बसवताना अर्थिंगची वायर बोल्टखाली घ्यायची राहून जाते. मॅनिफोल्डची, म्हणजे कार्बोरेटर इंजिनला जोडणाऱ्या नळीची, ओ-रिंग चेपली की इंजिन हवा खेचतं. सगळ्यात फसवी म्हणजे मॅग्नेटची चावी, त्याला शाफ्टवर जागेवर धरणारा छोटा लोखंडी तुकडा. ती कापली गेली की मॅग्नेट शाफ्टवर सरकतो आणि करंट भलत्या वेळी पडतो. प्लग बाहेर काढून बघाल तर करंट झकास दिसेल, म्हणून माणूस दिवसभर कार्बोरेटर साफ करत बसतो.

१ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या गाड्यांचा कार्बोरेटर जाऊन पेट्रोलचं इंजेक्शन आलं. आसपासच्या काही गॅरेजवाल्यांनी इंजेक्शनच्या गाड्या घेणंच सोडलं. आम्ही गाडीतला दोष वाचणारा स्कॅनर घेतला, सौ.ची भिशी लागली होती, ते पैसे तिने आपणहून पुढे केले. बघायची पद्धत मात्र तीच राहिली. चावी फिरवल्यावर पंपाचा गूं आवाज येतो का, हे आधी कानाने ऐकायचं. नसेल येत तर फ्यूज, कपलर (वायरींचा जोड), गाडी आडवी झाल्यावर पेट्रोल तोडणारा सेन्सर. इंजिनकामानंतर एखादा कपलर अर्धवट बसलेला सापडतो, आणि तेवढ्यासाठी गिऱ्हाईकाला नव्या ईसीयूचा, म्हणजे इंजेक्शन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा, खर्च सांगितलेला असतो. याची मला मनापासून चीड येते.

म्हणून आमच्याकडे तपासणीचे पैसे वेगळे घेतो, दोष बिलावर लिहून देतो आणि काढलेला पार्ट पिशवीत घालून गिऱ्हाईकाच्या हातात देतो. हल्ली घोडबंदर रोडवरून डिलिव्हरीची मुलं रात्री गाड्या घेऊन येतात. दिवसा गाडी उभी करणं त्यांना परवडत नाही, म्हणून शटर उशिरापर्यंत उघडं ठेवायला लागलोय. त्या पाळीला मी स्वतः असतो.