सनशाईनच्या परसातली इर्जिक

मेलबर्नच्या पश्चिमेला सनशाईन नावाचं उपनगर आहे, आम्ही तिथं राहतो. इथली माती साताऱ्याकडच्या माणसाला लगेच ओळखीची वाटते. पावसात पायाला चिकटून वर येणारी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. ओळखीची वाटण्याला कारणही आहे. आपलं दख्खनचं पठार लाव्हारसाच्या थरांनी झालं, आणि व्हिक्टोरिया राज्याच्या पश्चिमेकडचं हे माळरानही तसंच. खडक दोन्हीकडे बेसाल्टचाच. पावसाचं मात्र अगदी वेगळं. चार महिने धो धो आणि मग कोरडं, असं इथं नसतं. वर्षभर थोडा थोडा पडत राहतो, आणि शहराच्या पूर्वेपेक्षा आमच्या बाजूला बराच कमी.

या मातीत घरामागं नीट काहीतरी पिकवायचं, एवढ्याच हेतूनं मी पर्माकल्चर डिझाइनचा, म्हणजे निसर्गाच्या रीतीनं टिकून राहील अशी बाग, शेती आणि जगणं आखण्याचा, कोर्स केला. तिथं शिकले ते बरंचसं माती-पाण्याचं होतं. पण ज्यासाठी आज लिहायला बसले ते माणसांबद्दल आहे. त्याकडे येतेच.

पर्माकल्चरचा जन्म ऑस्ट्रेलियातलाच, टास्मानिया बेटावरचा. १९७४ साली होबार्टमध्ये बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांची गाठ पडली. मॉलिसन तेव्हा विद्यापीठात होते. त्याआधी मासेमारी, जंगलातली कामं, वन्यजीवांच्या नोंदी असं बरंच करून झालेलं. होल्मग्रेन पर्यावरण डिझाइन शिकणारा तरुण विद्यार्थी. तेलाच्या टंचाईनं जग नुकतंच हादरलं होतं. दरवर्षी नांगरायचं, खतं आणि इंधन ओतायचं आणि पीक काढायचं, यापेक्षा जंगल जसं आपल्या बळावर उभं राहतं तशी, पण माणसाला पोसणारी, बहुवर्षायू झाडांची रचना करता येईल का, हा दोघांपुढचा प्रश्न. १९७८ मध्ये त्यांचं पुस्तक आलं, १९८१ मध्ये मॉलिसन यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला, आणि पुढं हे काम जगभर पसरलं. मूळ कोर्स ७२ तासांचा. आजही बहुतेक ठिकाणी तेवढाच धरतात. त्याच्या बुडाशी तीन गोष्टी आहेत: पृथ्वीची काळजी, माणसांची काळजी, आणि आपल्या गरजेपुरतं ठेवून उरलेलं पुढं देणं.

सुरुवातीला कोर्समध्ये कुणी फावड्याला हात लावू देत नाही. आधी बघायचं. घराचा नकाशा काढायचा आणि त्यावर बाहेरून काय काय येतं ते मांडायचं: ऊन कुठून, वारा कुठून, पाणी कुठून, आग कुठून येऊ शकते. भारतातून आलेल्याला इथं पहिली गोष्ट पुन्हा शिकावी लागते ती म्हणजे सूर्य. दक्षिण गोलार्धात तो उत्तरेकडून फिरतो. जूनमध्ये भर दुपारी तो क्षितिजापासून जेमतेम २९ अंश वर असतो, डिसेंबरात ७५ अंशांच्याही वर जातो. म्हणून घराच्या उत्तरेला द्राक्षाचा मांडव घालतात. उन्हाळ्यात पानांची सावली भिंतीवर पडते, हिवाळ्यात पानं गळतात आणि खाली झुकलेलं ऊन थेट खोलीत शिरतं. एकच वेल फळं देतो, घर गार ठेवतो आणि गरमही ठेवतो. प्रत्येक गोष्टीकडून एकापेक्षा जास्त कामं, हा पर्माकल्चरमधला अगदी पायाचा विचार. तो मला पटला या मांडवाखाली उभं राहिल्यावर.

वाराही उत्तरेचाच भीतीचा. उन्हाळ्यात वाळवंटाकडून तो येतो तेव्हा पारा चाळिशी ओलांडतो, आणि वणवे पेटतात ते अशाच दिवशी. मग संध्याकाळच्या सुमारास नैर्ऋत्येकडून थंड वारा घुसतो आणि काही मिनिटांत तापमान पंधरा-वीस अंशांनी खाली येतं. या दोन्हींना तोंड देईल असंच झाड लावायचं. माझा कढीपत्ता म्हणून कुंडीत, उत्तरेकडच्या विटांच्या भिंतीला टेकून आहे. दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब सोडते, आणि इथल्या हिवाळ्यात त्याला तेवढ्या उबेची गरज असते. (गावाकडून बी आणायचा मोह होतो, पण इथले जैवसुरक्षेचे नियम फार कडक आहेत. रोपं इथल्याच नर्सरीतून घ्यावीत.)

मग घर मध्यभागी धरून जागेचे पट्टे पाडायचे. दिवसातून चारदा लागणारी कोथिंबीर स्वयंपाकघराच्या दाराशी, रोज फेरी मारावी लागते त्या कोंबड्या त्यापलीकडे, वर्षातून एकदा हात लावायची झाडं कुंपणाकडे, आणि कुठंतरी एक कोपरा अजिबात हात न लावता सोडलेला. आपल्याकडे परसात अळू सांडपाण्याच्या वाटेवर आणि तुळस दारात असायची, त्यामागचा विचार हाच.

समतल चर कसे काढायचे ते मात्र मला नव्यानं शिकावं लागलं नाही. तीन काठ्यांचा ए-फ्रेम, मध्ये ओळंबा. पाणलोटाची कामं पाहिलेल्या कुठल्याही मराठी माणसाला हे कळेल. फरक एवढाच की आमच्या उपनगरातल्या सपाट, भेगाळ जमिनीत घराशेजारी चर खणणं धोक्याचं. ही चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि पाया हलवते. म्हणून पाणी जमिनीत नाही, टाकीत. हिशेब सोपा आहे: एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. शंभर चौरस मीटरचं छप्पर आणि वर्षाचा पाचशे मिलिमीटर पाऊस धरला तरी ५०,००० लिटर होतात. आणि जुन्या घराच्या भिंतीलगत भाजी लावण्याआधी माती तपासून घ्यायची, कारण पूर्वीच्या रंगांत शिसं असायचं.

कोर्सच्या निमित्तानं दोन-तीन जागा पाहिल्या. शहरातलं सेरेस, मेरी क्रीकच्या काठावरचं. आधी तिथं बेसाल्टची खाण होती, मग कचरा टाकायची जागा. १९८२ पासून लोकांनी तिथं हळूहळू बाग, शेत, शाळकरी मुलांचे वर्ग उभे केले. दुसरी जागा शहरापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर हेपबर्नला, होल्मग्रेन आणि त्यांची जोडीदार सू डेनेट यांची मेलिओडोरा. १९८५ मध्ये घेतली तेव्हा काटेरी ब्लॅकबेरीनं भरलेली साधारण एक हेक्टर जमीन. आता मातीच्या विटांचं घर, तळी, फळबाग, शेळ्या. मला तिथं जास्त भावलं ते त्यांच्या कुंपणाबाहेरचं. याच परिसरातल्या लोकांनी सहकारी संस्था काढून स्वतःच्या पैशातून दोन पवनचक्क्या उभ्या केल्या, २०११ पासून त्या वीज देतात. लोकांच्या मालकीचा ऑस्ट्रेलियातला तो पहिला पवनऊर्जा प्रकल्प. वारणेच्या खोऱ्यात सहकारी दूध आणि साखर पाहत वाढलेल्या माणसाला हे नवं नाही, पण वाऱ्याची सहकारी संस्था पाहून मला फार आनंद झाला. उत्तरेला क्वीन्सलंडमध्ये क्रिस्टल वॉटर्स हे तर आख्खं गावच पर्माकल्चरच्या आराखड्यावर बसलेलं आहे: ६४० एकर, घरांसाठी ८३ भूखंड, बाकी बहुतेक जमीन सगळ्यांची मिळून. तिथं जायचं अजून राहिलंय.

एक गोष्ट कोर्समध्ये यापेक्षा जास्त वेळ सांगायला हवी होती. आम्ही ज्या माळावर राहतो तिथं आदिवासी बायका काठीनं मुरनाँग उकरायच्या, पिवळ्या फुलाचं गोडसर कंद. उकरण्यामुळं माती भुसभुशीत राहायची आणि पुढच्या वर्षी कंद आणखी यायचे. १८३० च्या दशकात इंग्रज मेंढ्या घेऊन आले आणि काही वर्षांतच मुरनाँग जवळजवळ नाहीसं झालं. शाश्वत जगणं इथं १९७४ मध्ये सुरू झालं नाही. कुठल्याही शिक्षकानं हे पहिल्याच तासाला सांगावं, असं मला ठामपणे वाटतं.

आता माणसांचं. मेलबर्नमध्ये २००६ साली पर्माब्लिट्झ नावाची रीत सुरू झाली. शनिवार किंवा रविवारी एखाद्याच्या घरी वीस-तीस माणसं जमतात आणि नुसतं गवत असलेल्या अंगणाची एका दिवसात भाजीची बाग करून देतात. आराखडा आधीच काढलेला असतो. पैसे कुणी घेत नाही. जेवण घरमालकाचं. नियम असा की साधारण तीन ठिकाणी तुम्ही राबलात की तुमच्या घरची पाळी.

आमची पाळी आली तेव्हा आई-बाबा साताऱ्याहून आलेले होते. सकाळी नऊला माणसं यायला लागली: एक नर्स, दोन विद्यार्थी, एक निवृत्त सुतार, शेजारच्या व्हिएतनामी आजी, आणि पूर्वी कधी न भेटलेले कितीतरी. किकुयू गवताची मुळं काढणं हे सगळ्यात किचकट काम. एक तुकडा राहिला तरी पुन्हा पसरतं. कडेच्या मुळ्या खणून काढल्या. मग जमिनीवर चिकणमाती मोकळी करणारं जिप्सम, त्यावर ओले पुठ्ठे एकमेकांवर चढवून, त्यावर कंपोस्ट आणि वर गव्हाचा पेंढा. पुठ्ठ्यावरची चिकटपट्टी आधी सोलून टाकायची, आणि ते काम मुलांनी घेतलं.

बाबा थोडा वेळ बाजूला उभे राहून बघत होते. मग आईला म्हणाले, "अगं, ही तर इर्जिक आहे." त्यांच्या लहानपणी गावात एखाद्याची पेरणी मागं पडली की सगळ्यांच्या बैलजोड्या त्याच्या रानात यायच्या, एका दिवसात रान उरकायचं, आणि रात्री त्याच्या घरी जेवण. ट्रॅक्टर आले आणि ते थांबलं. बाबांनी पेंढ्याचा भारा उचलला आणि दिवसभर खाली बसले नाहीत. दुपारी आईनं पिठलं, भाकरी, वांग्याचं भरीत आणि ठेचा वाढला. व्हिएतनामी आजींनी ठेचा दुसऱ्यांदा मागून घेतला आणि आईला गवती चहाचं ठोंब आणून दिलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी ते कुठं लावायचं यावर बराच वेळ चर्चा झाली.

जमिनीचा आराखडा मी कोर्समध्ये शिकले, पण तो जमिनीवर उतरतो तो अशा शनिवारी. एकट्या घराला कंपोस्ट, अवजारं, ज्ञान, अंगमेहनत सगळं विकत घ्यावं लागतं आणि मग बाग दोन हंगामांत सुकते. आमची टिकली, कारण किडीबद्दल विचारायला आजी आहेत, झाडं छाटायला सुतार काका येतात, आणि आमची जास्तीची लिंबं त्यांच्याकडे जातात.

गावाकडचे पुष्कळजण विचारतात की हे शिकायला परदेशी यावं लागतं का. मुळीच नाही. मॉलिसन १९८७ मध्ये भारतात येऊन गेले. तेलंगणात नरसण्णा आणि पद्मा कोप्पुला यांची अरण्य संस्था कित्येक वर्षं कोर्स घेते, आणि २०१७ मध्ये पर्माकल्चरचं जागतिक संमेलनही हैदराबादला झालं. आपल्याकडे तर कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोळकरांनी प्रयोग परिवारातून हाच विचार शेतकऱ्यांच्या भाषेत मांडला होता: थोडी जमीन, ऊन नीट वापरणं, आणि एकानं केलेला प्रयोग दहा जणांनी बघणं. कोर्स निवडताना शिक्षकाची स्वतःची पाच-सात वर्षं जुनी जमीन बघायला मागा, आणि तिथं शेजारपाजारचे शेतकरी येतात का ते विचारा. फी भरपूर असेल तर ती कशासाठी, हेही.

पुढची पाळी टार्नीट या मेलबर्नच्याच उपनगरातल्या एका पंजाबी कुटुंबाची आहे आणि आराखडा माझ्याकडे आहे. आजीला मेथी आणि मुळा हवाय, मुलांना क्रिकेटपुरती मोकळी पट्टी. उत्तरेला शेजाऱ्यांचं दुमजली घर आहे, म्हणून हिवाळ्यात सावली कुठवर येते ते मोजायला मी येत्या रविवारी जाणार आहे.